अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक

लोंढ्यात अंगणवाडी कुठे आहे असे विचारले, तर शेंबडे पोरही हात करून दाखवील. पाटी कन्नडमध्ये असते, पण तिच्यावरचा शब्द अंगणवाडीच असतो. अंगण आणि वाडी, दोन्ही शब्द आपल्या घरातले. ते सरकारी पाटीवर कसे जाऊन बसले याचा माग काढत गेलो, की आपण पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी आणि कोसबाड या दोन गावांपाशी येऊन थांबतो. तिथे भेटतात पद्मभूषण ताराबाई मोडक. आपल्या मंडळाच्या वाचकांना संत, नाटककार, गायक यांची चरित्रे पुष्कळ वाचायला मिळाली आहेत. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी उभे आयुष्य वेचणाऱ्या या बाईंची ओळख मात्र आपल्या भागात फारशी नाही. ज्यांच्या घरात नातवंडे आहेत त्यांनी तर ती जरूर करून घ्यावी.

केळकरांची तारा

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. मुलींना शिकवायचे की नाही यावर इतर घरांत वाद चालू होता, तेव्हा या घरात मुलींनी शिकायचे हे ठरलेलेच होते. वडिलांचे छत्र लवकर हरपले, तरी शिक्षण थांबले नाही. १९१४ साली तत्त्वज्ञान हा विषय घेऊन त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी मराठी घरांतल्या पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास दोघे वेगळे झाले आणि लहान मुलीला घेऊन ताराबाई स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. आज अशा प्रसंगी कायदा आहे, नोकऱ्या आहेत, चार माणसे समजून घेणारीही असतात. शंभर वर्षांपूर्वी यातले फारसे काही नव्हते. एकट्या बाईकडे लोक कसे पाहत असतील हे सांगायला नको.

राजकोटला मुलींच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात त्यांना प्राचार्यांची जागा मिळाली. जागा मानाची, पगार ठरलेला. एवढे सोसल्यावर कुणीही तिथेच निवृत्तीपर्यंत राहिले असते. ताराबाईंनी १९२३ साली ती नोकरी सोडली आणि त्या भावनगरला गेल्या.

भावनगरची नऊ वर्षे

भावनगरला दक्षिणामूर्ती ही संस्था होती आणि तिथे गिजुभाई बधेका लहान मुलांचे बालमंदिर चालवत होते. गिजुभाई मुळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे या विचारात असताना मॅडम माँटेसरी यांची पुस्तके त्यांच्या हाती आली आणि वकिली कायमची सुटली. इटलीतल्या या डॉक्टरबाईंनी १९०७ साली रोममध्ये गरीब वस्तीतल्या मुलांसाठी बालगृह काढले होते. मुलाला धाक आणि बक्षीस यांची गरज नसते, योग्य साधने हाताशी दिली तर ते आपणहून, मन लावून काम करते, हे त्यांनी तिथे दाखवून दिले होते.

गिजुभाई आणि ताराबाई यांनी ही पद्धत आहे तशी उचलली नाही. माँटेसरीबाईंच्या पद्धतीत काल्पनिक गोष्टींना फारसे स्थान नव्हते. आपल्याकडे गोष्टीवाचून बालपणच नाही. या दोघांनी आपल्या गोष्टी, गाणी, लोकनृत्ये आणि नाटुकली बालमंदिरात आणली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. शिक्षणपत्रिका या मासिकातून बालशिक्षणाचा विचार शिक्षकांप्रमाणेच पालकांपर्यंतही जाऊ लागला.

इथे एक गोष्ट आपल्यासारख्या सीमेवरच्या लोकांनी लक्षात घेण्यासारखी आहे. ताराबाई मराठी, आणि भावनगरची मुले गुजराती. त्यांनी गुजराती आत्मसात केली, त्या भाषेत लिहिले आणि त्या मुलांना त्यांच्या आईच्या भाषेतच शिकवले. लहान मुलाची पहिली शिकवण त्याच्या घरच्या भाषेत व्हावी, हे तत्त्व त्यांनी दुसऱ्याच्या भाषेच्या बाबतीतही तितक्याच काटेकोरपणे पाळले.

दादर ते बोर्डी

१९३२ मध्ये ताराबाई मुंबईला परतल्या. १९३३ पासून शिक्षणपत्रिका मराठीतून निघू लागली. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले. बालशिक्षिका तयार करण्याचे कामही त्याबरोबर आले. शहरातल्या सुशिक्षित पालकांना ही नवी शाळा आवडू लागली. नाव झाले, काम स्थिरावले. १९४६ ते १९५१ या काळात त्या मुंबईच्या विधानसभेतही होत्या.

पण एक हिशेब जुळत नव्हता. देशातली बहुसंख्य मुले खेड्यांत, आणि बालमंदिरे मात्र शहरांत. त्यात साधनांचा खर्च. माँटेसरी पद्धतीतला गुलाबी मनोराच घ्या. दहा ठोकळे, सर्वांत लहान एक सेंटिमीटरचा आणि सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा. मापात जराही फरक चालत नाही. दट्ट्यांचे संच, रंगांच्या पट्ट्या, खरकागदाची अक्षरे हे वेगळेच. खेड्यातल्या शाळेला हे परवडायचे कसे?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला ताराबाई १९४५ च्या डिसेंबरात बोर्डीला आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. समुद्रकाठच्या या गावात आचार्य भिसे यांच्या शिक्षणकार्याने जमीन आधीच नांगरलेली होती. ताराबाईंचे वय त्या वेळी ५३. याच वर्षी बोरिवलीच्या कस्तुरबा शिबिरात भेटलेल्या अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. अनुताई बालविधवा, पुण्याच्या हुजूरपागेतली शिक्षिकेची नोकरी सोडून आलेल्या. पुढची जवळजवळ २८ वर्षे या दोघींनी एकत्र काम केले.

बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली मुले येईनात. आईबाप पहाटेच मजुरीला जात. मागे राहिलेले सहा-सात वर्षांचे मूल धाकट्याला कडेवर घेऊन बसे. त्याला शाळेसाठी तयार कोण करणार आणि नेऊन सोडणार कोण? मग ताराबाईंनी शाळाच उचलली आणि वस्तीत नेली. कुणाच्या तरी अंगणात झाडलोट करायची, मुलांचे हातपाय धुवायचे, नखे काढायची, केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. आयाबाया दारात उभ्या राहून हे पाहत आणि पाहता पाहता शिकत. अंगणवाडी ही कल्पना इथली.

साधनांचा प्रश्न बोर्डीनेच सोडवला. किनाऱ्यावर शंख-शिंपले होते. रानात बिया, पाने, फुले होती. माती, खडे, बांबू यांना तोटा नव्हता. लहान-मोठे, जड-हलके, गुळगुळीत-खरखरीत हे सगळे शिंपल्यांवरून आणि दगडांवरून शिकता येते. मोजायला चिंचोके पुरतात. पद्धत माँटेसरीबाईंचीच राहिली, खर्च तेवढा शून्यावर आला. आयुष्यभर बँकेत जमाखर्च पाहिलेल्या माझ्यासारख्याला यापेक्षा मोठी बचत ठाऊक नाही.

कोसबाडची टेकडी

१९५७ मध्ये हे काम जवळच्या कोसबाडला हलले. ताराबाई तेव्हा ६५ वर्षांच्या होत्या. इथे वस्ती वारली आदिवासींची. मुलांची बोली वेगळी, जगणे वेगळे. शिक्षिकांनी आधी ती बोली समजून घेतली.

इथे आणखी एक अडचण दिसली. मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण तिला धाकटे भावंड सांभाळायचे असते. यावर विकासवाडी हे उत्तर निघाले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा, तिन्ही एकाच ठिकाणी. ताईने तान्ह्याला पाळणाघरात ठेवावे, मधल्याला बालवाडीत सोडावे आणि आपण वर्गात जाऊन बसावे. जी मुले गुरे राखायला जात त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरतात तिथेच शिक्षकाने जायचे. मूल शाळेत येत नसेल तर दोष मुलाचा धरायचा नाही, शाळेने दोन पावले पुढे जायचे, हा त्यांचा नियम शेवटपर्यंत होता.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत, कोसबाड सांभाळले. ताराबाई गेल्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारने देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. आज कन्नड पाटीवर आपण वाचतो तो शब्द असा फिरत फिरत आपल्या गावी आला आहे.

आपल्या अंगणात काय करता येईल?

आता थोडे आपल्याबद्दल. आपल्या भागातल्या मुलाच्या कानावर घरात मराठी किंवा कोंकणी, बाजारात कन्नड आणि स्टेशनवर हिंदी पडते. तीन वर्षांचे झाले की त्याला इंग्रजी नर्सरीच्या गाडीत बसवायची घाई असते. त्याला सफरचंदाचे इंग्रजी नाव येते, पण दारातल्या फणसाच्या आठळ्यांना काय म्हणतात ते येत नाही. कन्नड आणि इंग्रजी त्याला शाळेत शिकायच्याच आहेत, आणि त्या चांगल्या याव्यात. पण घरची भाषा पक्की असेल तरच त्यांना बसायला पाट मिळतो. ती पक्की करणे शाळेचे काम नाही. ते आईवडिलांचे, आणि हाताशी वेळ असलेल्या आपल्यासारख्या आजी-आजोबांचे आहे.

त्यासाठी आठवड्याला एकच विषय धरावा आणि रोज अर्धा तास त्यातच रमावे. लोंढ्यात विषयांना तोटा नाही.

पहिला आठवडा पानांचा. आंबा, फणस, काजू, साग, पिंपळ यांची पाने गोळा करावीत. लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावावीत. पान चुरगळून वास घ्यावा. कागदाखाली पान ठेवून वरून रंगखडू घासला की शिरा उमटतात. देठ, शीर, पालवी, पाचोळा, पत्रावळ हे शब्द ओघात येतात.

दुसरा आठवडा स्वयंपाकघराचा. एकात एक बसणारे डबे आणि वाट्या म्हणजे आपला गुलाबी मनोराच. जोंधळा, कुळीथ आणि तूर एकत्र करून मुलाला निवडायला द्यावे. चिमटीत दाणा धरणारी बोटेच पुढे पेन्सिल नीट धरतात. मात्र मुले दाणे नाकात किंवा तोंडात घालतात, तेव्हा शेजारी बसूनच हे करावे. तीन वर्षांखालच्या मुलाला दाणे देऊच नयेत.

तिसरा आठवडा पावसाचा. अंगणात भांडे ठेवून रोज किती पाणी साठले त्याची काडीवर खूण करावी. पाण्यात काय बुडते आणि काय तरंगते ते पाहावे. वळीव, झिमझिम, रिपरिप, पागोळ्या. पावसासाठी आपल्याकडे किती शब्द आहेत ते मुलालाच मोजू द्यावेत.

चौथा आठवडा आगगाडीचा. आपले गावच जंक्शन. एक रूळ गोव्याकडे, एक बेळगावकडे, एक हुबळीकडे. मुलाचा हात धरून, रुळांपासून लांब उभे राहून मालगाडीचे डबे मोजावेत. घरी काड्यापेट्यांची गाडी करावी. कोण कुठे उतरणार, बरोबर काय नेणार, यावर गोष्ट आपोआप तयार होते.

दोन पथ्ये मात्र ताराबाईंच्या पद्धतीतली आहेत आणि ती पाळावीत. मूल जे स्वतः करू शकते ते आपण करून देऊ नये, वेळ लागला तरी चालेल. आणि चुकले म्हणून रागवू नये, की जमले म्हणून चॉकलेट देऊ नये. काम जमल्याचा आनंद हेच त्याचे बक्षीस. मूल कंटाळले की खेळ थांबवावा.

आमच्या पिढीतल्या पुष्कळांना वाटते की हे काम शिकलेल्या शिक्षिकांचे, आपल्याला या वयात काय जमणार? ताराबाईंनी बोर्डीला सुरुवात केली तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या आणि कोसबाडची टेकडी चढल्या तेव्हा ६५ च्या. मे महिन्यात पुण्याहून, बेंगळुरूहून, गोव्याहून नातवंडे गावी येतील. त्यांच्या हाती मोबाइल जाण्याआधी एक सूप, चार प्रकारच्या बिया आणि मूठभर पाने ठेवून पाहावीत. अंगण आपल्याकडे अजून आहे. शहरातल्या त्यांच्या घरांना ते नाही.