दोन एकराच्या बोटीवर विमान उतरवणारा माणूस : ॲडमिरल ताहिलियानी

उमापूर (ता. गेवराई) : आपल्या गेवराई तालुक्यातून समुद्र बघायचा तर मुंबई गाठावी लागते. त्यामुळं नौदल म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर बोट येते, विमान येत नाही. पण नौदलाकडं स्वतःची लढाऊ विमानं असतात आणि ती बोटीवरूनच उडतात, बोटीवरच उतरतात. भारताच्या विक्रांत या बोटीवर पहिल्यांदा विमान उतरवणारे भारतीय वैमानिक म्हणजे राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी. पुढं ते नौदलप्रमुख झाले. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि नव्या पोरांना त्यांचं नावही माहीत नसतं. म्हणून हा लेख.

ताहिलियानी हे सिंधी घरातले. जन्म १९३० चा. देश स्वतंत्र झाला तेव्हा ऐन सतराव्या वर्षात होते. नौदलात गेले आणि तिथं उडायची वाट धरली. तेव्हा आपल्या नौदलाची विमान शाखा म्हणजे नुसतं बाळसं धरलेलं पोर होतं. कोचीला गरुड हा नौदलाचा विमानतळ १९५३ साली सुरू झाला. लढाऊ जेट विमानं नव्हती आणि विमानं वाहणारी बोटही नव्हती. त्यामुळं बोटीवर उतरायचं शिकायला आपल्या वैमानिकांना ब्रिटनला जावं लागे.

बोट आली ती पण जुनी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटननं हर्क्युलस नावाची एक बोट बांधायला घेतली, युद्ध संपलं आणि ती अर्धवट पडून राहिली. १९५७ साली भारतानं ती विकत घेतली, दुरुस्त करून घेतली, आणि ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट बंदरात ती विक्रांत म्हणून नौदलात दाखल झाली. गरीब देशाला असला खर्च परवडतो का, असा सवाल तेव्हाही होत होता.

आता आकार बघा. बोटीची लांबी ७०० फूट. वरचं सगळं मैदान मोजलं तर दोन एकराच्या आसपास भरेल. गुंठ्यात हिशेब करणाऱ्या आपल्या लोकांना हे लगेच कळेल. त्यातही उतरायला मिळते ती एक तिरकी पट्टीच. बाकी जागेत इतर विमानं उभी, माणसं पळतायत. आणि हे सगळं मैदान पाण्यावर वर-खाली होतंय, पुढं चाललंय. अशा ठिकाणी ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगानं येणारं जेट टेकवायचं. बोट वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं जोरात चालवतात, म्हणजे विमानाचा आणि बोटीचा वेगातला फरक तेवढा कमी होतो. तरी ब्रेक दाबून थांबण्याइतकी जागा नसतेच.

म्हणून युक्ती अशी. बोटीवर आडव्या पोलादी तारा ताणलेल्या असतात. विमानाच्या शेपटीखाली एक हूक असतो. तो तारेत अडकला की विमान काही सेकंदात जागच्या जागी थांबतं. चुकला तर पुढं समुद्र. त्यामुळं एक गोष्ट नवख्याला फार जड जाते : चाकं टेकताच इंजिनाचा जोर कमी करायचा नाही, उलट पूर्ण वाढवायचा. तार सापडली तर ठीक, नाही सापडली तर त्याच जोरावर परत हवेत जाता यावं. थांबायच्या वेळी ॲक्सिलेटर पिळायचा! हात ऐकत नाही, सवयच लावावी लागते.

ही सवय जमिनीवर लागते. धावपट्टीवर बोटीएवढी जागा आखतात, शेजारी आरसा ठेवतात. त्या आरशात उजेडाचा एक गोळा दिसतो आणि दोन्ही बाजूला हिरव्या दिव्यांची रांग. गोळा रांगेच्या वर दिसला तर विमान जास्त उंच आहे, खाली दिसला तर धोका, सरळ रेषेत राहिला तर बरोबर. वैमानिकानं हे परत परत करायचं, कंटाळा येईस्तोवर. मग खऱ्या बोटीवर नुसती चाकं टेकवून परत उडायचं. आणि सगळ्यात शेवटी हूक खाली सोडून उतरायचं.

त्यात आपल्याकडची सी हॉक विमानं एकाच माणसाची. मागं बसून सांगायला उस्ताद नाही. पहिल्यांदा उतरायचं ते एकट्यानंच.

सी हॉकची ३०० क्रमांकाची तुकडी, पांढरे वाघ हे तिचं नाव, जुलै १९६० मध्ये ब्रिटनमध्येच उभी राहिली होती. १८ मे १९६१ या दिवशी लेफ्टनंट ताहिलियानींनी आपलं सी हॉक विक्रांतवर उतरवलं. वय एकतीस. त्या दिवशी हूक चुकला असता तर बोट घेण्यावर टीका करणाऱ्यांना आयतंच कोलीत मिळालं असतं.

नोव्हेंबरात विक्रांत मुंबईला आली, खुद्द नेहरू स्वागताला होते. पुढं गोवा मुक्त झाला आणि १९६४ साली नौदलाचा हंसा हा तळ दाबोळीला हलला. तेव्हापासून सी हॉकच्या वैमानिकांचं घर गोवा.

याच सी हॉकनी डिसेंबर १९७१ मध्ये कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. तेव्हा विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेलेला होता, वेग कमी ठेवावा लागत होता. बोटीचा वेग कमी म्हणजे वैमानिकाची अडचण जास्त, हे वर सांगितलंच. तरी त्या पोरांनी निभावलं. इतकी वर्षं घटवलेला सराव तिथं कामी आला.

ताहिलियानी पुढं त्याच विक्रांतचे कप्तानही झाले. १९८४ च्या शेवटी नौदलप्रमुख झाले. वैमानिक असलेला माणूस त्या खुर्चीवर बसण्याची ती पहिलीच वेळ. त्यांच्याच काळात, मे १९८७ मध्ये, विराट ही दुसरी विमानवाहू बोट नौदलात आली. त्याच वर्षी श्रीलंकेत शांतिसेना गेली, तिला समुद्रमार्गे नेण्या-आणण्याचा भारही नौदलावर पडला.

निवृत्तीनंतर १९९० ते १९९४ ते सिक्कीमचे राज्यपाल होते. त्यानंतर ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल या भ्रष्टाचाराविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेची भारतातली धुरा त्यांनी सांभाळली. माजी नौदलप्रमुख आणि माजी राज्यपाल, निवांत बसले असते तर कुणी काही म्हटलं नसतं. तलाठ्याकडं चकरा मारणाऱ्या माणसाला या कामाची किंमत सांगायची गरज नाही. १४ ऑक्टोबर २००९ रोजी ते गेले.

विक्रांत १९९७ सालीच निवृत्त झाली होती. काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, शेवटी २०१४ मध्ये दारूखान्यात तोडली गेली. तिच्यातला धातू वापरून बजाजनं २०१६ साली व्ही नावाची मोटारसायकल काढली.