मंडालेचा राजा, रत्नागिरीचा कैदी

गणपतीपुळ्याला किंवा पावसला निघालेला पर्यटक रत्नागिरीत थांबला, की रत्नदुर्ग, भाट्याचा किनारा आणि थिबा राजवाडा ही तीन ठिकाणे सहसा चुकवत नाही. लाल जांभ्याच्या दगडात बांधलेली, उतरत्या कौलारू छपरांची आणि अर्धवर्तुळाकार कमानींच्या खिडक्यांची ही देखणी वास्तू पाहून राजाच्या वैभवाची कल्पना केली जाते. प्रत्यक्षात हा राजवाडा एका राज्य गमावलेल्या राजाचा बंदिवास होता. खाली दिसणारी भाट्याची खाडी आणि त्यापलीकडचा अरबी समुद्र पाहतच ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाने आपले अखेरचे दिवस काढले.

थिबाचा जन्म १८५९ साली मंडाले येथे झाला. कोनबाँग घराण्यातील राजा मिंडॉन याच्या अनेक पुत्रांपैकी तो एक. तरुणपणी तो बौद्ध मठात राहिला. पाली धर्मग्रंथांच्या अध्ययनात त्याने चांगली गती दाखवली होती. सिंहासनाचा तो स्वाभाविक वारस नव्हता. परंतु १८७८ मध्ये मिंडॉनच्या अखेरच्या आजारात अंतःपुरात कारस्थाने शिजली आणि सौम्य स्वभावाच्या, सहज आटोक्यात राहील अशा या राजपुत्राच्या शिरावर मुकुट ठेवण्यात आला. त्याचा विवाह सावत्र बहीण सुपयालत हिच्याशी झाला. ती करारी आणि महत्त्वाकांक्षी होती आणि राज्यकारभारावर तिचाच प्रभाव राहिला. १८७९ मध्ये गादीवर हक्क सांगू शकतील अशा अनेक राजपुत्रांची व आप्तांची हत्या झाली. त्या रक्तपाताचा डाग थिबाच्या कारकिर्दीवर कायमचा राहिला.

दक्षिण ब्रह्मदेश इंग्रजांनी पूर्वीच्या दोन युद्धांत गिळंकृत केला होता. उरलेल्या भागातील सागवानाची जंगले, माणकांच्या खाणी आणि चीनकडे जाणारा व्यापारी मार्ग यांवर त्यांचा डोळा होता. थिबाचे फ्रेंचांशी वाढणारे संबंधही त्यांना खुपत होते. निमित्त मिळाले ते सागवानाचे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीने ठरल्यापेक्षा अधिक लाकूड नेल्याचा ठपका ठेवून राजदरबाराने तिला जबर दंड ठोठावला. इंग्रजांनी निर्वाणीचा खलिता पाठवला आणि नोव्हेंबर १८८५ मध्ये त्यांच्या आगबोटी इरावती नदीतून वर सरकल्या. जेमतेम पंधरवड्यात युद्ध संपले. २९ नोव्हेंबर रोजी राजाराणीला प्रजेच्या देखत बैलगाडीतून नदीकाठी नेऊन बोटीवर चढवण्यात आले. १ जानेवारी १८८६ रोजी, म्हणजे थिबाच्या जन्मदिनीच, त्याचे राज्य ब्रिटिश साम्राज्यात विलीन झाल्याचे जाहीर झाले.

राजकुटुंबाला प्रथम मद्रासला आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणण्यात आले. त्या काळी रत्नागिरीला रेल्वे नव्हती, पावसाळ्यात बोटी बंद असत आणि सह्याद्रीची भिंत पाठीशी होती. ब्रह्मदेशाशी संधान बांधणे येथून जवळजवळ अशक्य होते. पुढची तीस वर्षे राजाने हे गाव सोडले नाही. पहिली चोवीस वर्षे तो बंगल्यात राहिला. सरकारी तनखा राजघराण्याच्या इतमामाला पुरत नसे, त्यामुळे सोबत आणलेले रत्नालंकार एकेक करून विकले गेले. नगामौक नावाचे मोठे माणिक इंग्रज अधिकाऱ्याच्या ताब्यातून नाहीसे झाले, अशी तक्रार तो व्हाइसरॉयकडे वारंवार करीत राहिला. ते माणिक त्याला कधीच परत मिळाले नाही.

१९१० साली तो नव्या राजवाड्यात राहायला आला. इतिहासाचा योग असा, की त्याच हिवाळ्यात रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहीत होते. तो तुरुंग थिबाच्याच जुन्या राजधानीच्या तटबंदीत होता. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत, अशी ही अदलाबदल एकाच सत्तेने घडवली होती. दिल्लीचा अखेरचा बादशहा बहादूरशहा जफर तर त्याआधीच, १८६२ मध्ये, रंगूनमध्ये निर्वासित अवस्थेत मरण पावला होता.

नव्या राजवाड्याचे सुख थिबाला फार काळ लाभले नाही. १९१२ मध्ये धाकटी राणी सुपयागले वारली आणि डिसेंबर १९१६ मध्ये वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी राजानेही देह ठेवला. पार्थिव मायदेशी न्यावे, अशी कुटुंबाची इच्छा होती. मृत राजाभोवतीही असंतोष एकवटेल, या भीतीने इंग्रजांनी ती मानली नाही. अखेर १९१९ मध्ये थिबा व सुपयागले यांचे रत्नागिरीतच दफन झाले. सुपयालत त्याच वर्षी रंगूनला परतली आणि १९२५ मध्ये तेथेच वारली. पतीची समाधी अरबी समुद्राकाठी आणि पत्नीची श्वेडगॉन पॅगोड्याजवळ, अशी ताटातूट कायम राहिली.

थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीला आली. राजवाड्यावरील एका स्थानिक सेवकापासून तिला झालेली मुलगी टुटू येथेच वाढली, मराठी बोलू लागली आणि कोकणातल्या गरीब संसारात मिसळून गेली. राजकन्या १९४७ मध्ये येथेच वारली. टुटूचे निधन २००० साली झाले. राजाची नात गावात राहते, हे अनेक रत्नागिरीकरांना ठाऊक होते. पण तिच्या परिस्थितीत त्याने फारसा फरक पडला नाही.

डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन यांनी रत्नागिरीला येऊन या समाधीचे दर्शन घेतले. परदेशाचा राष्ट्रप्रमुख एवढ्या दूर येतो, यावरून त्या स्थळाचे मोल कळावे. राजवाडा पाहणारे पुष्कळ आहेत. शिवाजीनगरमधील समाधीपर्यंत जाणारे मोजकेच. थिबा थोर राजा नव्हता, त्याच्या हातून घोर चुकाही घडल्या. परंतु त्याची कहाणी कोकणच्या इतिहासाचाच एक भाग झाली आहे. पाहुणा म्हणून नव्हे, तर कैदी म्हणून आलेल्या या माणसाची समाधी सांभाळणे, हे त्याला तीस वर्षे आपल्यात पाहिलेल्या गावाचे कर्तव्य ठरते.