दोन मित्रांची एक सही : हिरोशी फुजिमोतो यांचें चरित्र

मैत्रीची गोष्ट निघाली म्हणजे आपल्याकडे श्रीकृष्ण व सुदामा यांचें स्मरण होतें, आणि पवित्र शास्त्राच्या तासाला बसणाऱ्या मुलांना दावीद व योनाथान हीं नांवें आठवतात. हीं उदाहरणें थोर आहेत. परंतु त्यांतील प्रत्येकांत एक तरी राजा अगर राजपुत्र आहे. आज आम्ही वाचकांपुढें जें चरित्र ठेवीत आहों त्यांत राजा नाहीं व राजवाडाहि नाहीं. त्यांत आहेत शाळेंतील दोन बुजरीं मुलें, एक चित्रांची वही, आणि त्या वहींतून पुढें जन्मास आलेला एक निळा बोका.

हा बोका म्हणजे डोरेमॉन. भारतांत त्याचे खेळ २००५ सालापासून दूरचित्रवाणीवर हिंदींत दाखविले जाऊं लागले. नोबिताची फजिती, जियानचे ठोसे, सुनिओच्या फुशारक्या आणि शिझुकाचा समजूतदारपणा हीं आमच्या विद्यार्थ्यांना पाठ आहेत. पालकांच्या मनांत मात्र एक शंका असते. आळशी मुलाचे हे पराक्रम पाहून आपलें मूल काय शिकणार, असें त्यांना वाटतें. ही शंका अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्यानें हा खेळ रचला त्याचें आयुष्य ठाऊक झालें, म्हणजे त्या हंसण्याच्या मुळाशीं काय होतें तें उमजेल, अशी आमची खात्री आहे.

हिरोशी फुजिमोतो यांचा जन्म १ डिसेंबर १९३३ रोजीं जपानमधील तोयामा प्रांतांत, ताकाओका या गांवीं झाला. हा प्रांत जपानच्या समुद्राकडील बाजूस असून तेथें हिंवाळ्यांत बर्फ फार पडतें. हिरोशी अंगानें किरकोळ व स्वभावानें लाजाळू होता. खेळांत तो मागें पडे आणि दांडग्या मुलांच्या खोड्यांना सहज बळी पडे. चित्रें काढणें हाच त्याचा विसावा होता.

इ. स. १९४४ मध्यें, महायुद्ध चालू असतां, त्याच्या वर्गांत एक नवा मुलगा आला. त्याचें नांव मोतोओ आबिको. जवळच्या हिमी गांवांतील एका बौद्ध मंदिराच्या धर्मगुरूंचा हा मुलगा. वडील अकस्मात् वारले, मंदिर सोडावें लागलें, आणि आई त्याला घेऊन ताकाओका येथें आली. परक्या शाळेंत ओळखीचें कोणी नाहीं. तेव्हां मधल्या सुट्टींत हा मुलगा एकटाच वहींत चित्रें काढीत बसला. हिरोशीनें तें पाहिलें आणि तो त्याच्याजवळ गेला. स्वतः होऊन कोणाशीं न बोलणारा मुलगा त्या दिवशीं बोलला. त्या एका क्षणांतून पुढें अर्धें शतक टिकलेली मैत्री उत्पन्न झाली.

पुढें दोघांच्या शाळा वेगळ्या झाल्या. हिरोशी औद्योगिक शाळेंत वीजशास्त्र शिकूं लागला, मोतोओ सामान्य विद्यालयांत गेला. शाळा बदलली कीं मित्र बदलतो, असा पुष्कळांचा अनुभव आहे. येथें तसें घडलें नाहीं. शाळा सुटली कीं दोघे एकत्र येत. दोघांनीं मिळून एक हस्तलिखित मासिक काढलें. त्याची प्रत एकच असे. हिरोशीनें चित्रें भिंतीवर मोठीं करून दाखविणारें एक यंत्रहि घरच्या घरीं बनविलें.

१९४७ सालीं ओसामु तेझुका या तरुण चित्रकाराची खजिन्याच्या बेटावरील एक चित्रकथा प्रसिद्ध झाली. तींतील चित्रें कागदावर स्थिर असूनहि चित्रपटाप्रमाणें धांवत होतीं. दोघे मित्र तें पुस्तक पाहून थक्क झाले, आणि आपणहि हेंच करावयाचें असा त्यांनीं निश्चय केला. त्यांनीं तेझुकांस पत्र लिहिलें व त्यांना उत्तरहि आलें. १९५१ सालीं, शाळेंत असतांनाच, त्यांची पहिली चित्रमालिका मुलांच्या एका दैनिकांत छापून आली. पुढें तेझुकांच्या भेटीस जातांना त्यांनीं ‘बेन हर’ या ख्रिस्तकालीन कथेवर काढलेलीं चित्रें सोबत नेलीं. तेझुकांनीं तीं चित्रें जपून ठेविलीं. ‘तेझुका’ या नांवांत हात या अर्थाचें अक्षर आहे. म्हणून या शिष्यांनीं आपणांस ‘आशिझुका’ म्हणजे पायाचे म्हणवून घेतलें. गुरूच्या हातापुढें आपण पायाशींच बसावयाचें, असा तो नम्र विनोद होता. पुढें फुजिमोतोंतील ‘फुजि’ व आबिकोंतील ‘को’ घेऊन ‘फुजिको फुजिओ’ असें एकच टोपणनांव दोघांनीं धारण केलें. चित्र कोणींहि काढो, सही एक. आणि मिळकत येईल ती निम्मी निम्मी. हा करार त्यांनीं अनेक वर्षें पाळला.

शाळा संपल्यावर फुजिमोतो मिठाईच्या एका कारखान्यांत नोकरीस लागले व थोड्याच दिवसांत ती सोडून घरीं चित्रें काढीत बसले. आबिको वृत्तपत्राच्या कचेरींत कामास होते आणि तेथें त्यांचा जम बसत होता. अशा वेळीं मित्राच्या आग्रहावरून खात्रीची नोकरी सोडणें सोपें नव्हतें. तरीहि १९५४ सालीं दोघे टोकियोस गेले. तेथें तोकिवा-सो नांवाच्या लांकडी चाळवजा इमारतींत तेझुका राहत असत. ते जागा सोडून गेले तेव्हां त्यांनीं आपली खोली, आपलें मेज आणि जागेची अनामत रक्कम हीं सर्व या दोघांसाठीं मागें ठेविलीं. साडेचार चटयांच्या त्या खोलींत दोघांचा संसार सुरू झाला. शेजारच्या खोल्यांतहि असेच होतकरू चित्रकार होते. हिरोओ तेरादा हे त्या सर्वांचे थोरले बंधूच. शोतारो इशिनोमोरी व फुजिओ आकात्सुका हे पुढें नामांकित झाले.

येथें त्यांच्या हातून एक मोठी चूक घडली, ती सांगितल्यावांचून चरित्र खरें होणार नाहीं. काम मिळूं लागतांच त्यांनीं झेपेल त्याहून अधिक पत्करलें. १९५५ च्या नववर्षास दोघे गांवीं गेले. घरची ऊब, आईच्या हातचें जेवण आणि बरोबर आणलेलें अपुरें काम! दिवस उलटले, संपादकांच्या तारा येऊं लागल्या, आणि एकामागून एक मुदती चुकल्या. संपादकांचा विश्वास उडाला व सुमारें वर्षभर कामाचा ओघ आटला. चित्रकलेचा नाद सोडून द्यावा असेंहि त्यांच्या मनांत आलें. तेव्हां तेरादांनीं त्यांना धीर दिला. चुकीचा दोष एकमेकांवर न ढकलतां दोघांनीं तो वाटून घेतला, आणि पुन्हां पहिल्यापासून आरंभ केला.

१९६४ सालीं त्यांचा ‘क्यू-तारो’ हा भुताचा पोर मुलांच्या साप्ताहिकांत अवतरला. भूत असून तो कुत्र्याला भितो, यांतच त्याची गंमत होती. पुढील वर्षीं तो दूरचित्रवाणीवर आला आणि जपानी मुलांना त्याचें वेड लागलें. यानंतर दोघे बहुधा वेगवेगळ्या कथा रचूं लागले. सही मात्र एकच राहिली.

डोरेमॉनचा जन्म १९६९ च्या अखेरीचा. शिशुवर्गापासून चौथीपर्यंतच्या मुलांच्या मासिकांत नवी कथा येणार, अशी जाहिरात छापून गेली. पण तींत नायकाचें चित्र नव्हतें, कारण तो फुजिमोतोंनाहि अजून सुचला नव्हता! मेजाच्या खणांतून कांहींतरी बाहेर पडत आहे आणि मुलगा दचकला आहे, एवढेंच दाखविलें होतें. मुदत जवळ आली, तरी डोकें चालेना. कल्पना सुचविणारें एखादें यंत्र असतें तर, असेंहि त्यांच्या मनांत आलें. मांजरांची कचकच ऐकूं येत होती. तेवढ्यांत मुलीची गोल डोलणारी बाहुली पायांत आली आणि ते अडखळले. मांजर, बाहुली व यंत्र हीं तिन्ही एकत्र आलीं, आणि बाविसाव्या शतकांतून येणारा यंत्रबोका तयार झाला. ही हकीकत त्यांनीं पुढें स्वतःच चित्रांतून सांगितली आहे.

या बोक्याचा सोबती नोबिता कोण? तो धांवण्यांत शेवटचा, परीक्षेंत शून्य गुण मिळविणारा, मार खाऊन रडत घरीं येणारा. फुजिमोतोंनीं आपलें बालपणच त्याच्या ठायीं ओतलें होतें, आणि तसें ते मोकळेपणीं कबूलहि करीत. म्हणूनच या खेळांतील आदळआपट पाहून आपण हंसतों, पण त्या हंसण्याला विखार नसतो. आपटणाऱ्याची वेदना रचणाऱ्याला ठाऊक होती.

पालकांच्या शंकेचेंहि उत्तर येथेंच आहे. डोरेमॉनच्या खिशांतून एकदां पाठांतराचा पाव निघतो. पुस्तकाच्या पानावर तो दाबला कीं अक्षरें त्यावर उमटतात, आणि पाव खाल्ला कीं मजकूर मुखोद्गत होतो. नोबिता परीक्षेपूर्वी पावामागून पाव खातो. शेवटीं पोट बिघडतें, आणि पावाबरोबर पाठांतरहि जातें! फुकटची विद्या टिकत नाहीं, हें सांगण्यास एवढें हंसें पुरेसें आहे. जवळ जवळ प्रत्येक गोष्टींत यंत्र चालतें, नोबिताचा लोभ वाढतो, आणि अखेर त्याची फजिती होते.

१९७३ सालीं डोरेमॉन प्रथम दूरचित्रवाणीवर आला, परंतु अर्ध्या वर्षांतच तो खेळ बंद पडला. फुजिमोतोंनीं कथाहि संपविण्याचें ठरविलें. १९७४ च्या त्या निरोपाच्या कथेंत डोरेमॉनला भविष्यकाळांत परतावयाचें असतें, आणि आपल्यामागें नोबिताचें कसें होणार ही त्याला चिंता लागलेली असते. रात्रीं नोबिताची जियानशीं गांठ पडते. या वेळीं तो मदतीस हांक मारीत नाहीं. पडतो, उठतो, पुन्हां मार खातो, पण जियानला सोडीत नाहीं. शेवटीं जियानच कंटाळून हार मानतो. डोरेमॉन त्याला घरीं आणतो, आणि सकाळीं अंथरुणाजवळ कोणी नसतें. मित्रानें निश्चिंत मनानें जावें म्हणून भित्र्या मुलानें दिलेली ही झुंज आहे.

परंतु हें पात्र फुजिमोतोंच्या मनांतून जाईना. पुढच्याच महिन्यांत त्यांनीं त्याला परत आणलें. त्या कथेंत एप्रिलच्या पहिल्या तारखेस डोरेमॉन आल्याची थाप मारून जियान नोबिताला धांवावयास लावतो. सर्व खेळांत हीच एक खोडी अशी आहे कीं, जिच्यावर हंसवत नाहीं. थट्टा कोठें संपते आणि क्रौर्य कोठें सुरू होतें, हें त्या एका प्रसंगानें मुलांना जेवढें कळतें, तेवढें आमच्या दहा उपदेशांनीं कळत नसेल.

२ एप्रिल १९७९ पासून डोरेमॉन पुन्हां दूरचित्रवाणीवर आला, आणि या वेळीं तो घरोघर रुजला. १९८० सालापासून त्याचे मोठे चित्रपटहि निघूं लागले. कीर्तीबरोबर अडचणीहि आल्या. आबिकोंचा ओढा प्रौढांच्या कडवट विनोदाकडे वळला होता, आणि त्याचा डाग मुलांच्या डोरेमॉनवर पडूं नये असें त्यांना वाटे. १९८६ सालीं फुजिमोतोंची प्रकृति बिघडली. आपल्यामागें हक्कांचा घोळ होऊं नये म्हणून १९८७ च्या अखेरीस दोघांनीं सही वेगळी करण्याचें ठरविलें. भांडण नाहीं, कज्जा नाहीं; जुन्या नांवाला प्रत्येकानें आपापल्या आडनांवाचें आद्याक्षर जोडलें, एवढेंच. भागीदारी मोडली कीं मैत्री तुटते, हा व्यवहारांतला अनुभव. येथें मैत्री टिकावी म्हणून भागीदारी सोडली गेली.

फुजिमोतो अखेरपर्यंत लिहीत राहिले. सप्टेंबर १९९६ मध्यें डोरेमॉनच्या पुढील चित्रपटाची कथा रेखाटीत असतां मेजापाशींच त्यांची शुद्ध हरपली, आणि २३ सप्टेंबर रोजीं, वयाच्या ६२ व्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. सहकाऱ्यांनीं ती अपुरी कथा पूर्ण केली. १९९७ सालीं तेझुकांच्या नांवें सुरू झालेलें पहिलें पारितोषिक डोरेमॉनला मिळालें. गुरूच्या मेजावर बसलेल्या शिष्याचा हा सन्मान पाहण्यास गुरु व शिष्य दोघेहि नव्हते. २०११ सालीं कावासाकी शहरांत फुजिमोतोंचें संग्रहालय उघडलें. मोतोओ आबिको एप्रिल २०२२ मध्यें निवर्तले.

विद्यार्थिमित्रहो, आपल्याकडे आवडीनें पाहिला जाणारा ‘निंजा हात्तोरी’ हा आबिकोंचा, आणि डोरेमॉन फुजिमोतोंचा. दोन्ही खेळ पाहतांना, यांचे जनक एकाच वर्गांतील दोन एकटीं मुलें होतीं, हें स्मरणांत असूं द्या. आमच्याहि शाळेंत दरवर्षीं जूनमध्यें नवीं मुलें येतात. त्यांतलें एखादें मधल्या सुट्टींत वही घेऊन भिंतीशीं बसलेलें दिसेल. त्याची वही हिसकावणारे पुष्कळ असतात. तींत काय काढलें आहे तें पाहण्यास जवळ जाऊन बसणारा एकच पुरे होतो.