मोठ्या अक्षरांचा वकील

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. माझा रूम पार्टनर दहावीपर्यंत मराठी मीडियमचा. त्याच्या सेमिनार रिपोर्टमध्ये इंजिन, प्रेशर, व्हॉल्व्ह या शब्दांची पहिली अक्षरं वाक्याच्या मध्येच कॅपिटल होती. मी पडलो कॉन्व्हेंटवाला! मेसमध्ये ते पान मी सगळ्यांना दाखवलं आणि आम्ही पोट धरून हसलो. तो काहीच बोलला नाही, ताट अर्धं टाकून उठला.

नंतर लायब्ररीत बेंजामिन फ्रँकलिनविषयी वाचलं आणि माझंच हसं झालं.

फ्रँकलिन आपल्याला माहीत असतो तो १७५२ च्या पतंगामुळे आणि लायटनिंग रॉडमुळे. पण हा माणूस मुळात छापखान्यातला. जन्म बोस्टनचा, १७ जानेवारी १७०६. वडील साबण आणि मेणबत्त्या बनवायचे. शाळा जेमतेम दोन वर्षं झाली, दहाव्या वर्षी सुटली. बाराव्या वर्षी तो थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवार म्हणून लागला. भावाशी पटेना, म्हणून १७२३ साली पळून फिलाडेल्फियाला गेला. पुढे लंडनच्या छापखान्यांतही त्याने काम केलं आणि १७२९ पासून स्वतःचं वर्तमानपत्र चालवलं.

तेव्हा एकेक खिळा हाताने जुळवावा लागे. खिळ्यांच्या दोन लाकडी पेट्या असत. वरच्या पेटीत कॅपिटल अक्षरं, खालच्या पेटीत लहान. या पेटीला इंग्रजीत म्हणतात केस. आपण प्रोग्रॅम लिहिताना अपर केस, लोअर केस म्हणतो ते इथूनच आलं!

फ्रँकलिनच्या लहानपणी इंग्रजी पुस्तकांत जवळजवळ प्रत्येक नाम कॅपिटलने सुरू व्हायचं. आज जर्मन भाषेत होतं तसंच. तो तेच शिकला, आयुष्यभर तसंच लिहीत राहिला. अठराव्या शतकाच्या मध्यापासून मात्र ही पद्धत मागे पडू लागली. ओळ सपाट, एकसारखी दिसावी असं छापणाऱ्यांना वाटू लागलं. तरी १७८७ साली अमेरिकेची हस्तलिखित राज्यघटना तयार झाली, तिच्यात बहुतेक नामं कॅपिटलच होती. तिच्यावर सही करणाऱ्यांत ८१ वर्षांचा फ्रँकलिन होता.

डिसेंबर १७८९ मध्ये, पुढे डिक्शनरीसाठी प्रसिद्ध झालेल्या नोआ वेब्स्टरला त्याने पत्र लिहिलं. तोवर तो आजारी होता, थकला होता. तरीही त्या पत्रात तो मोठ्या अक्षरांची बाजू घेऊन भांडला. त्याचं म्हणणं असं, की इंग्रजीत एकच शब्द नामही असतो आणि क्रियापदही. स्पेलिंग तेच. कॅपिटल अक्षर पाहून वाचणाऱ्याला नाम चटकन ओळखता येतं. याचा सगळ्यात जास्त उपयोग कोणाला? ज्यांना इंग्रजी नीट येत नाही त्यांना!

हे वाचलं आणि मला मेसमधलं ते अर्धं ताट आठवलं.

फ्रँकलिन ही केस हरला. १७ एप्रिल १७९० ला तो गेला आणि छापणाऱ्यांनी अक्षरं लहानच ठेवली. एवढा शास्त्रज्ञ, एवढा मुत्सद्दी, पण मृत्युपत्रात स्वतःची ओळख देताना त्याने आधी मुद्रक लिहिलं आणि मोठी पदं त्यानंतर.

त्या रात्री मी रूम पार्टनरला सॉरी म्हटलं आणि ही सगळी गोष्ट सांगितली. तो हसून म्हणाला, म्हणजे मी फक्त अडीचशे वर्षं लेट आहे! मग आम्ही दोघांनी बसून रिपोर्ट दुरुस्त केला, कारण मार्क आजच्या नियमानेच मिळतात. पण नियम बदलत असतात. आज ज्याला आपण चूक म्हणतो, ते कधीकाळी फ्रँकलिनसारख्यांचं शुद्धलेखन होतं.

आणि हा लेख मराठीत लिहिताना माझ्या किती ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका त्याने काढल्या, ते विचारू नका. हसला मात्र नाही.