चांदीच्या रंगात दिसलेले पहारेकरी

मेंदू म्हटलं की आपल्याला न्यूरॉन आठवतो. न्यूरल नेटवर्कमुळे तर तो आपल्या कॉम्प्युटरवाल्यांना घरचाच वाटतो. पण मेंदूला जखम झाली तर धावून कोण जातं? रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींना तिथे सहसा सहज प्रवेश नसतो. मेंदूचे स्वतःचे पहारेकरी असतात, त्यांचं नाव मायक्रोग्लिया. ते ज्याने शोधले त्या पियो देल रिओ-ओर्तेगा यांच्याबद्दल मला लिहायचंय. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी शब्द कुठे अडखळले तर सांभाळून घ्या!

ओर्तेगा यांचा जन्म ५ मे १८८२ चा, स्पेनच्या वायादोलिद प्रांतातल्या पोर्तियो गावचा. डॉक्टर झाले, काही काळ गावातच प्रॅक्टिस केली. पण ओढ मायक्रोस्कोपची. म्हणून ते माद्रिदला निकोलास आचुकार्रो यांच्या हाताखाली शिकायला गेले. पुढे १९१८ मध्ये आचुकार्रो अवघ्या ३७ व्या वर्षी वारले. माद्रिदमध्ये या विषयातले सर्वात मोठे नाव होते सांतियागो रामोन इ काहाल, १९०६ चे नोबेल विजेते. ओर्तेगा त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करू लागले.

काहाल यांनी मेंदूत न्यूरॉन आणि ॲस्ट्रोसाइट दाखवले होते. उरलेल्या पेशींना ते 'तिसरा घटक' म्हणत. त्या पेशी गोल, बिनफांद्यांच्या दिसायच्या. खरी अडचण रंगाची होती, फांद्यांना रंगच चढत नव्हता. ओर्तेगांनी १९१८ च्या सुमारास सिल्व्हर कार्बोनेटची नवी पद्धत बसवली आणि फांद्या दिसायला लागल्या! १९१९ मध्ये त्यांनी मांडलं की हा घटक एक नाहीच, यात दोन वेगळ्या पेशी आहेत. त्यातली एक मायक्रोग्लिया. दुसरीला पुढे १९२१ मध्ये त्यांनी ऑलिगोडेंड्रोग्लिया नाव दिलं.

मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. प्राण्यांच्या मेंदूला जखम करून, वेगवेगळ्या दिवसांनी काप घेऊन ते बघत राहिले. शांत असताना बारीक फांद्या पसरून बसलेली ही पेशी जखमेजवळ फांद्या आखडून घेते, फुगते, गोल होते, सरकते आणि मेलेल्या पेशींचा कचरा गिळून टाकते. स्लाइडवरची पेशी मेलेली असते, हलत नाही. तरी नुसत्या स्थिर चित्रांवरून त्यांनी ही हालचाल ओळखली. २००५ मध्ये जिवंत उंदरांच्या मेंदूत थेट पाहिलं गेलं, तेव्हा या फांद्या सतत हलताना आणि जखमेकडे काही मिनिटांत वळताना दिसल्या. इतकंच नाही, चेहऱ्याची नस मेंदूबाहेर तुटली तरी तिच्या मेंदूत असलेल्या मूळ पेशींभोवती मायक्रोग्लिया गोळा होतात.

एवढं काम करून मिळालं काय? गुरूंशी खटके उडू लागले. प्रयोगशाळेतल्या शिपायाशी झालेली कुरबूर निमित्त ठरली आणि १९२० मध्ये काहाल यांनी त्यांना बाहेर काढलं. आपल्याला गाइड बदलावा लागला तर आठवडाभर जेवण जात नाही! ओर्तेगांनी माद्रिदमध्येच दुसरी प्रयोगशाळा थाटली. १९२४ मध्ये वाइल्डर पेनफिल्डसारखा सर्जन त्यांच्याकडे चांदीचा रंग शिकायला आला. १९२९ आणि १९३७ मध्ये नोबेलसाठी शिफारस झाली, पण बक्षीस मिळालं नाही.

१९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली. ओर्तेगा देश सोडून पॅरिसला, मग ऑक्सफर्डला आणि १९४० मध्ये ब्यूनोस आयर्सला गेले. तिथे पुन्हा प्रयोगशाळा उभी केली. १ जून १९४५ रोजी कॅन्सरने तिथेच त्यांचं निधन झालं. त्यांचे अवशेष मायदेशी, वायादोलिदला आले ते थेट १९८६ मध्ये.

आज अल्झायमर असो की मज्जारज्जूची इजा, मायक्रोग्लियाचा अभ्यास केल्याशिवाय संशोधन पुढे सरकत नाही. हे पहारेकरी फार काळ चिडलेले राहिले तर चांगल्या पेशींचंही नुकसान करतात, हेही आता कळलंय. पुढच्या वेळी लॅबमध्ये रीडिंग जमलं नाही की प्रयोगाला शिव्या देण्याआधी बघा, कदाचित गरज फक्त एका नव्या रंगाची असेल.