बाळू पालवणकर

सुट्टीच्या दिवशी तुम्ही आष्टीच्या मोकळ्या रानात क्रिकेट खेळता. कुणाला फलंदाजी मिळते, कुणाला गोलंदाजी. एखाद्याच्या वाट्याला मात्र फक्त चेंडू आणून देण्याचे काम येते. असेच दुसऱ्यांसाठी राबणारा एक मुलगा पुढे हिंदुस्थानचा मोठा गोलंदाज झाला. त्याचे नाव बाळू पालवणकर.

बाळूचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. त्या काळी या समाजाला अस्पृश्य मानत. बाळू पुण्यात वाढला. प्रथम तो पारशी लोकांच्या क्रिकेट क्लबात मैदान झाडण्याचे आणि खेळपट्टीवर रूळ फिरवण्याचे काम करू लागला. पगार होता महिना तीन रुपये. पुढे तो इंग्रजांच्या पूना क्लबात चार रुपयांवर लागला.

तेथे साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकायला कुणीतरी हवे होते. ते काम बाळूकडे आले. तो डाव्या हाताने चेंडू टाकी आणि चेंडूला सुरेख फिरकी देई. कॅप्टन ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज त्याच्यापुढे सराव करत. बाळूने बाद केले की ते त्याला आठ आणे देत, असे सांगतात. तुम्हीच हिशेब करा. रुपयाचे आणे सोळा. म्हणजे आठ वेळा बाद केले की महिन्याचा पगार! बाळूने तेथे हजारो चेंडू टाकले; पण त्याच्या हाती बॅट मात्र कुणी दिली नाही.

पुण्यातील हिंदू संघाला इंग्रजांना हरवायचे होते. बाळूला संघात घ्यावे की नाही, यावर वाद झाला. अखेर त्याला घेतले. पण कसे? मैदानावर सर्वजण त्याच चेंडूला हात लावत. चहाची वेळ झाली की बाळूला मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणही वेगळे. बाळूने हा अपमान सोसला. पण आपल्या गोलंदाजीत कसूर केली नाही. साताऱ्याच्या सामन्यात त्याने इंग्रजांचे सात गडी बाद केले. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या थोर पुरुषाने त्याचा जाहीर गौरव केला. हळूहळू सोबत्यांच्या पंगतीतही त्याला जागा मिळाली.

पुढे बाळू मुंबईला गेला. १९०६ साली हिंदू संघाने मुंबईत युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले. त्यात बाळूने आठ बळी घेतले. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. त्या संघात हिंदू, मुसलमान, पारशी आणि शीख खेळाडू एकत्र होते. संघ बहुतेक सामने हरला. पण बाळूने त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले.

एवढे करूनही त्याला हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच मिळाले नाही. त्याची जात आड आली. मात्र त्याचे भाऊ शिवराम, गणपत आणि विठ्ठल हेही उत्तम खेळाडू होते. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाला आणि त्याच्या संघाने स्पर्धा जिंकली. थोरल्या भावाला नाकारलेला मान धाकट्याला मिळाला.

४ जुलै १९५५ रोजी बाळूचे मुंबईत निधन झाले. हिंदुस्थान पहिला कसोटी सामना १९३२ साली खेळला. तोवर बाळूचे खेळण्याचे वय सरले होते, म्हणून कसोटी खेळाडूंच्या यादीत त्याचे नाव तुम्हाला सापडणार नाही.

मुलांनो, मेहनतीने कला येते, हे बाळूच्या चरित्रातून तुम्ही शिकालच. पण आणखी एक गोष्ट शिका. बाळूची कला सर्वांना हवी होती. त्याच्याशेजारी बसायला मात्र लोक तयार नव्हते. ज्याच्या मेहनतीचे फळ आपण खातो, त्याला आपल्या शेजारी बसवणे हे आपले कर्तव्य आहे.