फ्रँक पार्सन्स : सिव्हिलवाल्यांचा सीनियर!

आपल्या कॉलेजात कुणालाही विचारा, बाबा रे, तू हीच ब्रँच का घेतलीस? उत्तरं ठरलेली आहेत. सीईटीचा स्कोअर तेवढाच होता, कॅप राउंडला हेच मिळालं, काका म्हणाले, मैत्रिणीने ऑप्शन भरला म्हणून मीपण भरला. आवडतं म्हणून घेतली, असं सांगणारा एखादाच निघतो आणि त्याच्याकडे आपण सगळे जरा संशयानेच बघतो!

म्हणून मराठी विभागासाठी काहीतरी लिही असं मॅडमनी सांगितल्यावर मी ठरवलं, की या प्रश्नाची पद्धतशीर मांडणी करायला ज्याने आयुष्याची शेवटची वर्षं घालवली त्याच्यावरच लिहायचं. त्याचं नाव फ्रँक पार्सन्स. करिअर गायडन्सचं कुठलंही जाडजूड पुस्तक उघडा, पहिल्या काही पानांत हे नाव भेटतं. व्होकेशनल गायडन्सचा जनक वगैरे बिरुदं लावलेली असतात. पण त्या पुस्तकांत जे एका ओळीत उरकतात ते मला सगळ्यात भारी वाटलं. हा माणूस मूळचा सिव्हिल इंजिनिअर! आम्ही टी.ई. सिव्हिलवाले अशा वेळी कॉलर ताठ करणारच. (वयाच्या हिशोबाने तो माझ्या खापरपणजोबांच्या पिढीचा, अहो-जाहो करायला हवं. पण सीनियरला कोण अहो-जाहो करतं?)

फ्रँकचा जन्म १४ नोव्हेंबर १८५४ चा, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात माउंट हॉली या गावचा. अभ्यासात इतका हुशार की कॉर्नेल युनिव्हर्सिटीतून तीन वर्षांत इंजिनिअरिंग संपवून १८७३ साली बाहेरसुद्धा पडला. वय एकोणीसही पूर्ण नाही. तेव्हा अमेरिकेत जिकडेतिकडे रेल्वेचे रूळ टाकायचं वेड लागलं होतं, सिव्हिलवाल्याला काय कमी? त्याला एका रेल्वे कंपनीत नोकरी मिळाली.

आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जे कुक अँड कंपनी ही बडी पेढी बुडाली. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेत तिचा पैसा अडकला होता. घबराट पसरली, बँका बंद पडल्या, रेल्वे कंपन्या एकामागून एक दिवाळखोरीत निघाल्या. त्यात फ्रँकची कंपनीही गेली. ऑफर लेटर हातात असताना कंपनीच गायब होणं हा प्रकार आपल्याच पिढीला नवा नाही तर!

मग काय केलं त्याने? पोलादाच्या कारखान्यात मजुरी. कॉर्नेलचा ग्रॅज्युएट वर्षभर मजुरांच्यात राबला. तिथून निघाला तो मॅसॅच्युसेट्समधल्या साउथब्रिज गावात शाळामास्तर झाला. गणित, ड्रॉइंग, फ्रेंच असं सगळं शिकवायचा. गावातल्या वादसभेत त्याचं बोलणं ऐकून एका वकिलाने त्याला कायदा शिकायचा सल्ला दिला. पठ्ठ्याने तीन वर्षांचा कायदा एका वर्षात वाचून काढला आणि १८८१ साली परीक्षा पास झाला. पण त्या वर्षाने त्याची तब्येत पार ढासळली, डोळेही बिघडले. न्यू मेक्सिकोच्या मोकळ्या हवेत तीन वर्षं काढल्यावर तो माणसात आला. (सबमिशनच्या आठवड्यात सलग जागणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं!)

पुढे बॉस्टनला येऊन त्याने वकिली केली म्हणावी तर तीही धड नाही. तो कायद्याची पाठ्यपुस्तकं लिहायला लागला, १८९२ पासून बॉस्टन युनिव्हर्सिटीत कायदा शिकवायला लागला. १८९५ साली बॉस्टनच्या मेयरपदाला उभा राहिला आणि सपाटून हरला. १८९७ साली कॅन्सस राज्याच्या शेतकी कॉलेजात प्रोफेसर झाला, तिथे १८९९ मध्ये दुसऱ्या पक्षाची सत्ता आल्यावर त्याला काढून टाकलं. मधल्या काळात रेल्वे, वीज, पाणी या गोष्टी लोकांच्या मालकीच्या असाव्यात यावर जाडजूड पुस्तकं लिहिली. न्यूझीलंडवर एक अख्खा ग्रंथ लिहिला. लग्न केलं नाही.

इंजिनिअर, मजूर, मास्तर, वकील, लेखक, प्रोफेसर, उमेदवार. आमच्या घरी असा कुणी असता तर सगळे नातेवाईक एकच म्हण म्हणाले असते, एक ना धड भाराभर चिंध्या! पन्नाशीपर्यंतचा फ्रँक तसाच दिसतो. मला मात्र वाटतं की पुढे त्याने जे केलं ते पहिल्याच नोकरीत रिटायर होणाऱ्याला सुचलं नसतं. चुकत-माकत धंदे बदलायला किती वर्षं लागतात हे त्याला स्वतःच्या अंगावरून माहीत होतं.

आता बॉस्टनच्या नॉर्थ एंड भागात येऊ. १९०० च्या आसपास इटली आणि रशियातून आलेल्या गरीब लोकांनी हा भाग गच्च भरलेला होता. तिथे सिव्हिक सर्व्हिस हाउस नावाचं एक समाजकेंद्र चालायचं. मेयर ब्लूमफील्ड त्याचे प्रमुख होते आणि पैसा द्यायच्या पॉलिन अगासिझ शॉ या श्रीमंत बाई. तिथे १९०५ साली फ्रँकने दिवसभर काम करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग सुरू केले. नावही छान, ब्रेडविनर्स इन्स्टिट्यूट, म्हणजे पोट भरणाऱ्यांची शाळा.

या वर्गांत आणि आजूबाजूला त्याला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. मुलं लहान वयात शाळा सोडायची आणि जो पहिला दरवाजा उघडा दिसेल त्यातून आत शिरायची. आपल्याला काय जमतं, त्या कामात पुढे काय आहे, काही म्हणजे काही माहीत नाही. इथे त्याच्यातला इंजिनिअर जागा झाला असं मला वाटतं. घर बांधायचं तर आपण आधी प्लॅन काढतो, जाणकाराला विचारतो, आणि अख्खं करिअर बांधायचं तर कागद-पेन्सिल घेऊन बसतसुद्धा नाही, हा त्याचा मुद्दा होता. आपल्याला सर्व्हेइंगच्या पहिल्याच लेक्चरला सांगतात की साइट न बघता डिझाइन करू नका. फ्रँकचं म्हणणं, इथे साइट म्हणजे तुम्ही स्वतः!

शाळा संपवणाऱ्या मुलांना त्याने एकदा केंद्रात बोलावलं आणि त्यांच्या पुढच्या बेतांबद्दल गप्पा मारल्या. त्यानंतर एकेकटं भेटायला इतकी मुलं यायला लागली की स्वतंत्र ऑफिस काढावं लागलं. शॉबाईंच्या पैशातून जानेवारी १९०८ मध्ये व्होकेशन ब्युरो सुरू झाला.

त्याची पद्धत तीन पायऱ्यांची होती. आधी स्वतःला ओळखायचं : कल, कुवत, आवड, तब्येत, पैशाची ऐपत, उणिवा. मग कामांची माहिती काढायची : काय लागतं, पगार किती, पुढे वाव किती. आणि शेवटी या दोन गोष्टी समोरासमोर ठेवून डोकं चालवायचं. वाचताना वाटतं, यात काय विशेष! पण आपण बहुतेक जण पहिली पायरी गाळून थेट दुसरीवर जातो. पॅकेज किती, एवढीच आपली दुसरी पायरी.

पहिल्या पायरीसाठी त्याने शंभराहून जास्त प्रश्न तयार केले. पहिली भेट पंधरा मिनिटांपासून तासाभराची, मग प्रश्नांचे कागद घरी न्यायचे, एकांतात बसून खरी उत्तरं लिहायची आणि परत यायचं. प्रश्न कसले? वेळ कसा घालवतोस, पैसे कशावर खर्च करतोस, काय वाचतोस, वेळ पाळतोस का, दुसऱ्याचं मत शांतपणे ऐकतोस का, नखं स्वच्छ असतात का. एक तर फारच मजेदार. समज, शहरातली सगळी मुलं एका ठिकाणी उभी केली आणि एखादा निसर्गशास्त्रज्ञ झाडं-प्राण्यांसारखी त्यांची विभागणी करायला आला, तर तुला कुठल्या गटात टाकेल? शिवाय घरच्यांना आणि मित्रांना आपल्याबद्दल विचारून यायचं, कारण स्वतःबद्दल आपण स्वतःशीच थापा मारतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि जे काम करावंसं वाटतं त्यातल्या मोठ्या माणसांची चरित्रं वाचायची.

सगळंच गोड आहे असं नाही हं. मुलाखत घेताना तो समोरच्याच्या डोक्याचा आकारही न्याहाळायचा. कवटीवरून स्वभाव कळतो अशी एक खुळी समजूत त्या काळी होती, आणि हा एवढा हुशार माणूसही तिच्यातून सुटला नव्हता. त्याच्या पुस्तकात एकोणीस वर्षांच्या एका मुलाची हकीकत आहे. त्याला डॉक्टर व्हायचं होतं. हडकुळा, गाल बसलेले, तासाभरात एकदाही हसला नाही, हात मिळवला तर ओला आणि निर्जीव. वाचन नाही, स्मरणशक्ती कच्ची. पेशंटला तुझ्याकडे बघून बरं वाटेल का, असा फ्रँकचा एकूण सूर. त्याने त्या मुलाला मोकळ्या हवेतल्या कामाचा विचार करायला सुचवलं आणि काहीही केलंस तरी हसायला, नीट बोलायला शीक असंही सांगितलं.

ही हकीकत वाचून मी चिडले. त्या मुलाचे गाल पोटभर न जेवल्यामुळे बसले असतील तर? गरिबाच्या पोराला हे तुझं काम नाही असं म्हणणं किती सोपं असतं! माझी रूममेट म्हणते, निदान कुणीतरी त्याच्यासमोर तासभर बसून खरं बोललं, आपल्याला तर मार्कांची यादीच सांगते. आमचं यावर दोन वेळा भांडण झालंय. एवढं मात्र खरं, की फ्रँकने निर्णय स्वतःच्या हातात घेतला नाही. दुसऱ्याचं करिअर दुसऱ्याने ठरवू नये, सल्लागाराने फक्त विचार करायला मदत करावी, हे त्याने स्पष्टच लिहून ठेवलंय.

गेल्या सेमिस्टरला आम्ही दोघींनी ते प्रश्न चार रात्री बसून सोडवले. घरच्यांना विचारा असं होतं म्हणून आईला फोन केला. तिच्या मते मी माणसं जोडण्यात पटाईत, पण एका जागी बसून तेच ते करायचं म्हटलं की माझा जीव जातो. मी लिहिलेल्या उत्तरांतही तेच निघालं. साइट व्हिजिटला मिस्त्री आणि मजुरांशी बोलण्यात माझा दिवस कसा जातो कळत नाही आणि आर.सी.सी.च्या न्यूमेरिकल्सना बसलं की घड्याळ थांबतं. त्यातून टाउन प्लॅनिंगकडे जायचं की साइटवरच राहायचं, ही तिसरी पायरी अजून चढायची आहे. रूममेटचं वेगळं. तिच्या डोक्यावर एज्युकेशन लोन आहे, त्यामुळे ऐपतीच्या प्रश्नापाशीच ती थांबली. आवडीचा रकाना मी सहा वर्षांनी भरते म्हणाली. मी गप्प बसले. फ्रँकची बरीचशी मुलंही दिवसा राबून संध्याकाळी यायची.

१ मे १९०८ ला फ्रँकने ब्युरोचा पहिला अहवाल दिला. तोवर ऐंशी मुला-मुलींना सल्ला देऊन झाला होता. हे काम शाळांनी करायला हवं आणि त्यासाठी शिकलेली माणसं हवीत, असं तो सांगत होता. आणि २६ सप्टेंबर १९०८ ला तो गेला. वय ५३. म्हणजे ज्या कामासाठी जग त्याला ओळखतं ते ब्युरोचं काम त्याने जेमतेम आठ-नऊ महिने केलं! प्रश्न आणि पद्धत ज्यात आहे ते चूझिंग अ व्होकेशन हे पुस्तक त्याच्या मित्रांनी १९०९ साली छापलं.

पुढे बॉस्टनच्या शाळांनी शिक्षकांतूनच सल्लागार नेमले. १९१० साली बॉस्टनला या विषयावर राष्ट्रीय परिषद झाली. डोक्याचे आकार मागे पडले. १९२७ साली एडवर्ड स्ट्राँगने आवडी मोजायची छापील चाचणी काढली. तुमच्या आवडीनिवडी त्या त्या व्यवसायातल्या माणसांशी किती जुळतात ते ती बघायची. १९५९ साली जॉन हॉलंडने माणसांचे आणि कामांचे सहा प्रकार पाडले. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनेही व्यवसाय मार्गदर्शन सुरू केलं आणि २०१६ साली महाराष्ट्रात दहावीच्या मुलांची कलचाचणी आली. या सगळ्यांच्या मुळाशी जाल तर नॉर्थ एंडमधलं ते ऑफिस भेटतं.

फ्रँकच्या पुस्तकाचे कॉपीराइट केव्हाच संपलेत, त्यामुळे त्याच्या प्रश्नांचा मराठी तर्जुमा आम्ही दोघींनी चालवला आहे. आजच्या काळात निरर्थक वाटणारे प्रश्न गाळलेत, नखांचा ठेवलाय. चाळीस प्रश्न झालेत. ज्यांना हवेत त्यांनी लेडीज होस्टेलसमोरच्या झेरॉक्सवाल्या काकांकडे मागावेत, दोन पानं आहेत. उत्तरं मात्र आम्हाला आणून दाखवू नका, ती तुमच्याजवळच ठेवा. आणि मराठी अशुद्ध वाटलं तर पेनाने दुरुस्त करून तीच प्रत काकांकडे परत द्या!